लोणारचा धोंडा गेला कुठे?

आपल्याकडे विहीर कशी खणतात, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! वरची काळी माती निघते. खाली मुरूम लागतो. मुरूम संपला की काळा कातळ लागतो. तेथे टिकावाचे काही चालत नाही. मग सुरुंग लावावा लागतो. सुरुंगवाला "लांब व्हा, लांब व्हा" म्हणून ओरडतो. बार होतो. दगडाच्या ढलप्या चहूंकडे उडतात. धूर निवळल्यावर जाऊन पाहावे, तर खड्डा पडलेला असतो आणि त्याच्या कडेचे दगड वर उचकटलेले असतात.

आता असे समजा की एकच बार झाला आणि त्या एका बारात साडेसहाशे एकरांचा खड्डा पडला. अनेक गावांचे शिवारही एवढे नसते. असा खड्डा खरोखरच आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावाजवळ तो आहे. त्याच्या तळाशी खाऱ्या पाण्याचे तळे आहे. हा बार माणसाने केलेला नाही. आकाशातून एक मोठा धोंडा येऊन आदळला, त्याने हा खड्डा केला. अशा खड्ड्याला पुस्तकात विवर म्हणतात, आणि आकाशातून पडलेल्या दगडाला अशनी म्हणतात.

हे आम्ही रात्रवर्गात सांगितले, तेव्हा वर्गात एकदम गप्प झाले. मग आमच्या वर्गातील एक वडीलधारे शेतकरी, ज्यांना सारे गाव अण्णा म्हणते, ते म्हणाले, "गुरुजी, एवढा मोठा धोंडा पडला म्हणता. मग त्यो धोंडा गेला कुठं?"

प्रश्न चोख होता. आम्ही चाळीस वर्षे मुलांना शिकवले, पण हा प्रश्न आम्हांला कोणी विचारला नव्हता. आम्ही म्हटले, "अण्णा, आधी खड्डा पाहू. मग धोंडा शोधू."

त्या हिवाळ्यात वर्गातील काही मंडळी घेऊन आम्ही निघालो. धाराशिवहून एस.टी.ने बीड, जालना, मंठा करीत लोणार गाठले. वाटेत बायाबापड्यांनी भाकरी सोडल्या, सर्वांना वाटून दिल्या. प्रवासाचे वर्णन करीत बसत नाही. एवढेच सांगतो की वाटेत सगळीकडे जमीन आपल्यासारखीच आहे. काळी रानं, मुरमाड माळ, नाल्यात काळा कातळ. जरा चढ लागला आणि पुढे गेलो, तो पायाखालची जमीन संपलीच!

खाली भले मोठे ताट ठेवावे तसा गोल खड्डा दिसला. मध्ये हिरवट पाणी. पाण्याभोवती झाडीचे कडे. या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे १,८०० मीटर अंतर आहे, म्हणजे जवळजवळ दोन किलोमीटर. काठावरून पुरी फेरी मारायची, तर पावणेसहा किलोमीटर चालावे लागते. खोली आहे सुमारे १४० मीटर. सहा फुटांचा एक परस धरला, तर ही विहीर पाऊणशे परसांची झाली. आणि काठ तर सभोवतालच्या रानापेक्षा वीस-तीस मीटर उंच आहे. परातीला कड असते ना, तसा.

एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, ह्यो खड्डा कुणीतरी कंपासानं काढल्यावानी हाय की." ते अगदी खरे आहे.

लोणारचे लोक या खड्ड्याची जुनी कथा सांगतात. येथे लवणासुर नावाचा दैत्य जमिनीच्या पोटात राहत होता. तो लोकांना छळी. तेव्हा भगवान विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेतले. दैत्य ज्या भुयारात दडला होता, त्यावरचे झाकण त्याने पायाच्या अंगठ्याने उडवून दिले आणि दैत्याला मारले. तळ्याचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त, आणि पाण्यातला खार म्हणजे त्याचे मांस. लोणार गावात दैत्यसूदनाचे फार सुंदर जुने देऊळ आहे. त्याच्या भिंतींवरचे कोरीव काम पाहताना आमची मंडळी जेवण विसरली.

कथा ही कथा म्हणून ऐकावी. पण आम्हांला तीत एक गोष्ट फार आवडली. जुन्या लोकांनी खड्डा पाहिला, उंच काठ पाहिला आणि ताडले की येथले झाकण कोणीतरी जोराने उडवून दिले आहे. नजर किती बारीक होती पाहा! पुढे १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अंमलदाराने या तळ्याची नोंद केली. मग शिकलेले लोक येऊ लागले आणि वाद सुरू झाला. झाकण उडाले हे खरे, पण उडवले कोणी?

बहुतेकांचे म्हणणे पडले की हा ज्वालामुखी असावा. ज्वालामुखी म्हणजे ज्याच्या तोंडातून वितळलेला दगड बाहेर पडतो तो डोंगर. हे म्हणणे खुळेपणाचे नव्हते. आपल्या पायाखालचा काळा दगड तसाच तर झाला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला दगड काकवीसारखा वाहत आला. एक थर थिजला, त्यावर दुसरा आला, त्यावर तिसरा. धाराशिवची लेणी ज्या खडकात कोरली आहेत तो, नळदुर्गच्या किल्ल्याचे चिरे ज्यातून काढले तो, आणि तुमच्या विहिरीतला, हे सारे एकाच जातीचे दगड. लोणारचा खडकही तोच. मग जेथे सारा खडकच अशा रीतीने झाला, तेथला खड्डाही तसाच झाला असेल असे कोणाला वाटणार नाही?

आता थोडे लांब जावे लागेल. अमेरिकेत ॲरिझोना नावाचा प्रांत आहे. तेथे वाळवंट आहे. पाऊस अगदी थोडा, झाडझाडोरा नावाला. त्या वाळवंटात असाच एक गोल खड्डा आहे. रुंदी सुमारे १,२०० मीटर, खोली सुमारे १७० मीटर. तेथे पाणी नाही, सगळे उघडे पडले आहे. त्याच्या आसपास वाळूत लोखंडाचे तुकडे सापडत. ते लोखंड खाणीतले नव्हते, आकाशातून आलेले होते.

गिल्बर्ट नावाचे एक नामांकित भूशास्त्रज्ञ १८९१ साली तेथे गेले. एवढा मोठा लोखंडी गोळा खाली पुरलेला असेल, तर होकायंत्राची सुई हलेल, असा त्यांनी विचार केला. सुई हलली नाही. तेव्हा ते म्हणाले की येथे आकाशातले काही पडलेले नाही. जमिनीखाली पाण्याची वाफ कोंडली आणि तिचा स्फोट झाला, एवढेच. आणि गंमत अशी की १८९६ साली त्यांनी जो लेख लिहिला, त्यात जोडीला आपल्या लोणारचे नाव घेतले. हाही खड्डा तसाच, असे त्यांनी म्हटले.

पुढे बॅरिंजर नावाचे एक खाणमालक आले. त्यांना गिल्बर्टांचे म्हणणे पटले नाही. त्यांची खात्री होती की खड्डा आकाशातल्या लोखंडानेच पडला आहे आणि ते लोखंड खालीच पुरलेले आहे. ते काढले की घरात सोन्याचा धूर निघेल. १९०३ सालापासून त्यांनी खणायला सुरुवात केली. खड्ड्यात भोके पाडली, काठावर पाडली. पंचवीस वर्षे गेली, पैसा गेला, लोखंडाचा ढीग काही सापडला नाही. शेवटी १९२९ साली एका खगोलशास्त्रज्ञाने गणित करून दाखवले की खाली काही उरलेलेच नाही. त्याच वर्षी बॅरिंजर वारले.

त्यांचे अर्धे म्हणणे खरे होते आणि अर्धे खोटे. खड्डा आकाशातल्या लोखंडानेच पडला होता, हे खरे. लोखंड खाली आहे, हे मात्र खोटे. आता अण्णांच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे.

आपण धोंडा चिखलात टाकला, तर तो चिखलात रुततो. खणून पाहिले तर सापडतो. पण आकाशातला धोंडा असा टाकलेला नसतो. त्याचा वेग सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर असतो. बंदुकीच्या गोळीचा वेगही यापुढे काहीच नाही. धाराशिवहून तुळजापूरला एस.टी.ला जो वेळ लागतो तो तुम्हांला ठाऊक आहे. हा धोंडा तेवढे अंतर एका-दीड सेकंदात तोडतो! "आई राजा उदो उदो" एकदा म्हणून होण्याच्या आत तो तुळजापुरात पोचला.

असा धोंडा जमिनीवर आदळला की त्याला थांबायला जागा मिळत नाही. तळहातावर तळहात जोराने चोळा, हात तापतो. लोहार ऐरणीवर लोखंड ठोकतो, तेव्हा थंड लोखंडही गरम होते. येथे तर लाखो टनांचा ठोका एका क्षणात बसतो. सारा वेग उष्णतेत आणि धक्क्यात बदलतो. धोंडा फुटतो, वितळतो, त्याची बहुतेक वाफ होऊन जाते. त्याच क्षणी जमिनीत सुरुंगासारखा बार होतो. म्हणून तर खड्डा गोल पडतो. धोंडा तिरपा आला तरी बार चारी बाजूंनी सारखाच फुटतो. आणि म्हणूनच खड्डा धोंड्यापेक्षा कितीतरी पट मोठा पडतो. लोणारचा धोंडा साठ ते शंभर मीटर रुंद असावा, असा अंदाज आहे. त्याने १,८०० मीटरांचा खड्डा केला.

आम्ही हे सांगत होतो, तेव्हा अण्णा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे चोर मारून पळाला, आन् पुरावाबी जाळून गेला."

पुरावा मात्र सगळा जळाला नव्हता. तो वाचायला वेळ लागला, एवढेच. आम्ही विवरात उतरलो, तेव्हा मंडळींना भिंत नीट पाहायला सांगितली. नाल्याच्या दरडीत काळ्या दगडाचे थर आडवे, चपात्यांच्या चवडीसारखे असतात. मध्ये कोठे गेरूसारखा तांबडा पट्टा असतो. लोणारच्या भिंतीत हे थर दिसतात, पण वर काठाजवळ ते सरळ राहिलेले नाहीत. ते उचकटले आहेत आणि बाहेरच्या बाजूला कलले आहेत. काठाबाहेर हजार-दीड हजार मीटरपर्यंत फुटलेल्या दगडांचा राडारोडा पसरला आहे. ज्वालामुखी असता, तर नवा दगड, नवी राख सापडली असती. तसे येथे काही नाही. जो दगड होता तोच फुटून बाहेर पडला आहे.

तरीही शंकेखोर म्हणत, वाफेच्या स्फोटानेही असेच होईल. मग आपल्या सरकारच्या भूवैज्ञानिक खात्याने आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मिळून तळ्याच्या तळाला खोल भोके पाडली. वरचा गाळ भेदून खालचा चुरा झालेला दगड वर काढला. काळ्या दगडात बारीक पांढुरके स्फटिक असतात. उन्हात दगड फिरवला की ते चमकतात. लोणारच्या खालच्या दगडात हे स्फटिक जागच्या जागी काच होऊन बसले होते. वितळून काच झाली असे नव्हे. आकार जसाच्या तसा, आणि आत काच! इतका प्रचंड दाब ज्वालामुखीत नसतो, वाफेच्या स्फोटातही नसतो. तो फक्त आकाशातून आलेल्या धोंड्याच्या ठोक्यात असतो. १९७३ साली हा शोध छापून आला आणि दीडशे वर्षांचा वाद मिटला. ॲरिझोनाच्या खड्ड्याचा निकाल त्याआधी, १९६० साली, दाबाने बदललेल्या वाळूच्या कणांवरूनच लागला होता.

हे कधी घडले? यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. एका रीतीने मोजले तेव्हा सुमारे ५२ हजार वर्षे आली. पुढे २०११ साली दुसऱ्या, अधिक बारीक रीतीने मोजले तेव्हा सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आली. शाळेत कोणी मुलाने हिशेब दहा पटींनी चुकवला असता, तर आम्ही त्याला बाकावर उभे केले असते! पण दगडाचे वय काढणे ही पाटीवरची बेरीज नव्हे. नवी रीत निघते, जुना आकडा पुन्हा तपासला जातो. शास्त्रात असेच चालते.

खाली तळ्याशी गेल्यावर प्रथम नाकाला वास आला. बाया पदर लावून उभ्या राहिल्या. पाणी बोटांना साबणासारखे बुळबुळीत लागते. पूर्वी या तळ्यातून खार काढीत असत. आता एक प्रश्न आम्ही मंडळींना विचारला. काठावर गोमुखाची धार बारा महिने वाहते, तिचे पाणी गोड. पावसाचे पाणी येते, तेही गोड. मग तळे खारे कसे?

उत्तर एका तरुणाने दिले. त्याचे शेत कालव्याखाली आहे. तो म्हणाला, "आमच्या चोपण रानासारखंच झालं असंल." शाबास! कालव्याखालच्या रानात पाणी फार झाले आणि निचरा नसला, की पाणी उन्हाने उडून जाते, खार मात्र मागे राहतो. रान पांढरे पडते. लोणारचे तळे हे असेच एक मोठे चोपण रान आहे. पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. येणारे प्रत्येक पाणी दगड-मातीतून चिमूटभर खार घेऊन येते. पाणी उडते, खार उरतो. हजारो वर्षे चिमूट चिमूट साठत गेली.

काठी कमळजा देवीचे देऊळ आहे. तेथे सासू-सुनेची विहीर म्हणतात ती आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, असे सांगतात. यातली गोड बाजू कोणाची, यावर आमच्या बायामाणसांत जे भांडण जुंपले, ते परत धाराशिव येईपर्यंत मिटले नाही.

२०२० सालच्या जून महिन्यात या तळ्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. दैत्याचे रक्त पुन्हा वर आले, असेही कोणी म्हणाले. कोर्टाने दखल घेतली. पुण्याच्या आघारकर संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाणी तपासले. उन्हाळ्यात पाणी आटून खार वाढला होता. अशा खाऱ्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे काही सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांच्या अंगाचा रंग गुलाबी असतो. ते तळाशी बसल्यावर पाणी पुन्हा पहिल्यासारखे झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात साऱ्या जगाने जपावे अशा पाणस्थळांच्या यादीत लोणारचे नाव आले. विवर हे अभयारण्यही आहे. म्हणून तेथला दगड उचलून आणता येत नाही. एकाने खिशात घातला होता, तो आम्ही परत ठेवायला लावला.

परतताना गाडीत सारे गप्प होते. मग सास्तूरकडची एक बाई होती, तिने हळूच विचारले, "गुरुजी, तसला धोंडा परत पडंल का? त्र्याण्णव साली पडला, त्यो काय होता?"

आम्हांला तो प्रश्न लागला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोण विसरेल? गणपती बोळवून लोक नुकते निजले होते. चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे मातीत गेली. दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्या बाईच्या माहेरची चार माणसे त्यांत होती. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक होतो. आमच्या पटावरची काही नावे त्या दिवशी कमी झाली.

आम्ही तिला सांगितले की, बाई, तो धोंडा नव्हता. तो भूकंप होता. भूकंप जमिनीच्या पोटातून येतो. खोलवर खडकावर ताण साठत जातो आणि एके दिवशी खडक सरकतो. त्याचा आकाशाशी काही संबंध नाही. आणि आमच्या गावांत जी माणसे गेली, ती जमिनीने मारली नाहीत. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे अंगावर कोसळले म्हणून गेली.

लोणारएवढा धोंडा पडणे हे हजारो वर्षांतून एखादे वेळी घडते. लहान लहान मात्र येतच असतात. रात्री तारा तुटलेला दिसतो, तो बहुधा वाळूच्या कणाएवढा खडा हवेत जळत असतो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियात चेल्याबिन्स्क या शहरावर सुमारे वीस मीटरांचा धोंडा हवेतच फुटला. मेले कोणी नाही, पण सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. कसे, ते ऐका. आधी डोळे दिपवणारा उजेड पडला. लोक "काय झाले" म्हणून खिडकीशी धावले. आवाज उजेडाच्या मागून येतो, हे वीज पडताना आपण पाहतोच. मिनिटा-दोन मिनिटांनी धक्का आला आणि खिडक्यांच्या काचा तोंडावर फुटल्या. असा उजेड कधी दिसला, तर खिडकीपासून दूर व्हावे.

आणि दिसेल ते सारे अशनी नसते. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या रात्री, महाराष्ट्रात पुष्कळांनी आकाशातून जळत जाणारे तुकडे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे धातूचे कडे पडले. ते अग्निबाणाचे, म्हणजे माणसाने वर सोडलेल्या यंत्राचे अवशेष होते. त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेच्या लोकांनी एक यान मुद्दाम आकाशातल्या एका धोंड्यावर नेऊन आदळवले आणि त्याची फिरण्याची वाट थोडी बदलून दाखवली.

पुढच्या पौर्णिमेला वर्ग अंगणातच भरला. एका मुलाने शहरातून दुर्बीण आणली होती. चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही, म्हणून तेथे पडलेले खड्डे बुजत नाहीत. दुर्बिणीतून कडेचे काही खड्डे दिसले. लोणारचा खड्डा काळ्या दगडात आहे, म्हणून चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात, हे आम्ही सांगितले. चंद्रावर जे काळे डाग दिसतात, ज्याला आपण ससा म्हणतो, ती मैदानेही वितळून थिजलेल्या काळ्या दगडाचीच आहेत.

अण्णांनी दुर्बीण डोळ्याला लावली. पुष्कळ वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे ससा आपल्याच विहिरीतल्या दगडाचा निघाला की, गुरुजी!" आणि मागे उभ्या असलेल्या नातवाच्या हाती त्यांनी दुर्बीण दिली.